रिकाम्या पट्टीची थरथर

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी डॉ. ढुंढिराज पुणतांबेकर यांच्या यंत्राने सिग्नल दिला. यंत्रात त्या वेळी काहीही ठेवलेले नव्हते.

साल १९९७, महिना फेब्रुवारीचा. प्रयोगशाळा गंगेपलीकडे, रामनगरच्या वस्तीबाहेर. जागा ढुंढिराजांनी स्वतः निवडली होती. काशीच्या गल्ल्यांत जमीन सतत हलते, आणि त्यांच्या यंत्राला हललेले चालत नाही, असे त्यांनी निवड समितीला सांगितले होते. समितीने मान डोलावली. काशीतल्या मंगळा गौरीच्या देवळाजवळच्या घरातून रोज स्कूटरने पूल ओलांडून यायचे, म्हणजे आपले स्वतःचे सगळे सांधे हलणार, हे त्यांना जागा मिळाल्यावर कळले.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगता येते. ढुंढिराज ती लग्नकार्यात, स्टेशनवर आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असतानाही सांगत आले होते. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक अतिसूक्ष्म चुंबक. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. काही पदार्थांत असे इलेक्ट्रॉन एकटे, जोडीदाराविना राहिलेले असतात. त्या पदार्थाचा कण केसाहून कितीतरी बारीक अशा सिलिकॉनच्या पट्टीवर चिकटवायचा. पट्टी एका टोकाला पकडलेली, दुसरे टोक मोकळे, पोहण्याच्या तलावावरच्या उडीच्या फळीसारखी. समोर लहानसे चुंबक आणून रेडिओलहरींनी ते स्पिन उलटेपालटे करायचे. स्पिन उलटले की पट्टी थरथरते. ती थरथर मोजली की स्पिन मोजले. जगात पाच-सहा ठिकाणी लोक हे करत होते आणि प्रत्येकाचे स्वप्न एकच, अशा एकट्या इलेक्ट्रॉनची थरथर ऐकणे. ढुंढिराजांचे यंत्र काही कोटी इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचले होते. ते म्हणत, "फक्त काही कोटी." समोरच्याला वाटे, हे बजेटबद्दल बोलत आहेत.

त्या मंगळवारी पट्टी रिकामी होती. रिकामी पट्टी बसवून मोजायचे, आणि सिग्नल आला नाही की आधीचा सिग्नल खरा मानायचा, हा नियम पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतो. ढुंढिराज तो दरवर्षी शिकवत. स्वतःच्या प्रयोगात मात्र त्यांनी तो पाळायचे पुढे ढकलले होते. वेळ नव्हता, हे कारण त्यांनी स्वतःला दिले होते आणि स्वतःच मान्य केले होते.

हट्ट धरला तो त्यांच्या विद्यार्थिनीने. विद्युल्लता शेवडे, रेल्वेतल्या अधिकाऱ्याची मुलगी. घरात मराठी, पण भांडायची वेळ आली की थेट हिंदीत जाणारी.

"सर," ती पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली, "ब्लँक में भी आ रहा है."

"येणार नाही," ढुंढिराज म्हणाले.

"आ गया है, सर. वहीं पर. तीच जागा, तीच उंची."

ढुंढिराजांनी पाहिले. आलेला होता. अगदी त्यांच्या निबंधातल्या आकृतीसारखा देखणा. क्षणभर त्यांना अभिमानच वाटला.

मग अभिमान ओसरला. कारण तीच आकृती पुण्याला गेली होती. महिनाअखेरीस तिथे चर्चासत्र होते, त्यात ढुंढिराजांचा निबंध होता, आणि त्यात म्हटले होते की जांभळट काळ्या एका रासायनिक भुकटीच्या कणातले स्पिन आम्ही मोजले. नोकरीत इतकी वर्षे झाली, पण बाहेर उभे राहून सांगावे असे त्यांच्याकडे हे एकच होते. विद्युल्लताच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरणही तेच.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ढुंढिराजांना ती आठवली आणि त्यांनी ती आठवायचे लगेच थांबवले. गेले सहा महिने त्यांनी चिकटवलेल्या कणाचा सिग्नल येई, विद्युल्लताने चिकटवलेल्याचा येत नसे. कण उचलायचे साधन म्हणजे काडीला डकवलेला पापणीचा एक केस. सूक्ष्मदर्शकाखाली वाकून, श्वास रोखून, त्या केसाने कण उचलायचा आणि पट्टीच्या टोकावर ठेवायचा. ढुंढिराजांनी याचा अर्थ लावला होता. "हे हाताचं काम आहे," ते तिला म्हणत. "काही जणांच्या हाताला यश असतं. तू सराव कर." तिने सराव केला. तिच्या दोन्ही पापण्या विरळ झाल्या.

तिला ते परदेशातून भेट आलेल्या नव्या पट्ट्या देत नसत, जुन्या, जाड पट्ट्यांवर सराव करायला लावत. नव्या पट्ट्या मोजक्याच होत्या, आणि यश असलेल्या हाताने त्या वापराव्यात हे योग्यच होते.

मंगळवारची रिकामी पट्टीही त्यांनीच बसवली होती. कशी बसवायची हे तिला दाखवायला.

पुढचे दोन दिवस दोघांनी सगळे तपासले. तारा बदलल्या. जमिनीशी जोडणी नवी केली. शेजारच्या गिरणीची मोटर बंद ठेवायला गिरणीवाल्याला विनवले. त्याने विचारले, "कितना बड़ा चीज नाप रहे हैं, साहब?" ढुंढिराजांनी बोटांनी दाखवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मोटर बंद असतानाही सिग्नल आला.

गुरुवारी दुपारी विद्युल्लताने ती रिकामी पट्टी काढून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"सर, हे बघा. टोकाजवळ. काहीतरी आहे. राखाडी, मध्ये काळं."

"धूळ," ढुंढिराज म्हणाले.

"धूळ तर माझ्या पट्टीवर पण बसली असती ना? माझ्या पट्ट्यांवर काही नाही. आपकी वाली पर ही क्यों बैठती है?"

ढुंढिराज खाली वाकले आणि भिंगाला डोळा लावला. डोक्यावर पांढरी टोपी होती. टोपी आणि मास्कशिवाय आत येऊ नये, अशी पाटी दारावर त्यांनीच लावली होती, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. टोपी मात्र ते थोडी मागे सरकवून घालत. का, हे त्यांनी कधी स्वतःला विचारले नव्हते. सवय होती.

समोर उभ्या विद्युल्लताने काहीतरी पाहिले. तिचा आवाज एकदम हळू झाला.

"सर, वर बघू नका. हलू पण नका. बस ऐसे ही रहिए."

"काय झालं? पाल आहे का?"

"नाही. आपके माथे से कुछ गिरा है. पट्टीच्या शेजारी."

कपाळावर अंगारा होता. रोज असे. सकाळची पूजा झाली की ढुंढिराजांच्या आई, अन्नपूर्णाबाई, देवापुढच्या धुपाटण्यातली राख चिमटीत घेत आणि घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला लावत. ढुंढिराज शाळेत गेले ते अंगारा लावून, पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला गेले ते अंगारा लावून, आणि दोन वर्षे परदेशात होते तेव्हा अंगाऱ्याची पुडी दाढीच्या सामानात असे. त्यांची श्रद्धा होती का? नव्हती, असे ते म्हणत. आईला बरे वाटते, म्हणून. टोपी मागे सरकवायची ती अंगारा पुसला जाऊ नये म्हणून, हे आता, भिंगावर वाकलेल्या स्थितीत, त्यांच्या ध्यानात आले. श्रद्धा नसलेल्या माणसाने इतकी वर्षे इतक्या काळजीने जपलेली दुसरी कोणतीही वस्तू त्यांना आठवेना.

"खुर्चीत बसा," विद्युल्लता म्हणाली. "डोळे मिटा."

तिने नवे पाते घेतले आणि आपल्याच विभागप्रमुखांचे कपाळ खरवडले. राख काचेच्या नळीत घेतली. शेजारच्या खोलीत कपाटाएवढे जुने यंत्र होते. ते चिमूटभर पदार्थातले स्पिन सहज दाखवी. नळी त्यात गेली. काही मिनिटांत कागदावर रेघ उमटली, सरळ, ठसठशीत, भुकटीच्या नमुन्याची रेघ जिथे येते त्याच जागी.

अर्धवट जळलेल्या कोळशात एकटे राहिलेले इलेक्ट्रॉन भरपूर असतात, आणि त्यांची रेघ त्या रासायनिक भुकटीच्या रेघेला जवळजवळ चिकटूनच येते. हे ढुंढिराज दर ऑगस्टमध्ये, तिसऱ्या तासाला, फळ्यावर आकृती काढून शिकवत. परीक्षेत विचारत. ज्यांना येत नसे त्यांचे गुण कापत.

"म्हणजे सहा महिने," ढुंढिराज सावकाश म्हणाले, "मी माझं कपाळ मोजत होतो."

विद्युल्लता हसली नाही. हसू नये म्हणून तिने नळीकडे इतके निरखून पाहिले की ढुंढिराजांना ती हसली असती तर बरे झाले असते.

"और मैं छह महीने से पापणी तोड़ रही हूँ," ती म्हणाली.

"चहा मागवू का?" त्यांनी विचारले. तिने नळीवर तारीख लिहिली.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला, बकुळला, स्वयंपाकघरात गाठून सगळे सांगितले. बकुळ पोळ्या लाटत होती.

"तरीच," ती म्हणाली. "तुमच्या रुमालांवरचे डाग निघत नाहीत. मला वाटायचं, प्रयोगाचंच काहीतरी असेल."

"प्रयोगाचंच होतं," ढुंढिराज म्हणाले.

"आता काय करणार?"

"उद्यापासून अंगारा नको, असं आईला सांगावं लागेल."

बकुळने लाटणे थांबवले. "तुम्ही सांगा. मी तव्यापाशी आहे."

अन्नपूर्णाबाई बाहेरच्या खोलीत वाती वळत होत्या. त्यांचे कान चांगले होते. त्यांनी मुलाला समोर बसवले, सगळे दोनदा सांगायला लावले, आणि चेहरा उजळला.

"म्हणजे अंगाऱ्यात काहीतरी आहे, हे तुझ्या मशीननं सांगितलं?"

"आई, तसं नाही. कोळशात असतं. कुठल्याही कोळशात."

"पण अंगाऱ्यात आहे ना?"

"आहे. पण..."

"मग झालं तर! इतकी वर्षं मी सांगते, तर हसत होतास. आता मशीन बोललं तर ऐकतोस. असू दे. मशीननं का होईना."

"आई, माझा सगळा निबंध चुकला त्यानं!"

"चुकला कसा? तू शोधत होतास ते सापडलं, लेका. कपाळावरच होतं."

चर्चासत्रात कुणी विचारले असते तर याचे उत्तर देता आले असते, असे त्यांना वाटले. तिथे आई विचारणार नव्हती, एवढाच फरक होता.

तडजोड झाली. शुक्रवारी अंगारा सकाळी नाही, संध्याकाळी परत आल्यावर. सकाळी घराबाहेर पडण्याआधी डोक्यावरून अंघोळ करायची. "ती तर करायलाच हवी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तुझ्या मशीनसाठी असो की कशासाठी." तासाभरात त्यांनी बालाजी घाटावरच्या दोन मैत्रिणींना हकीकत कळवली होती. रात्रीच्या जेवणाआधी समोरच्या घरातल्या काकू विचारून गेल्या, की गुडघेदुखीसाठी मशीनमधून काढलेला अंगारा मिळेल का.

जेवणानंतर फोन आला तो मात्र पुण्याचा. उल्हास गोरे, ढुंढिराजांचा एम.एस्सी.चा सोबती, चर्चासत्राचा आयोजक. पुण्याला कळले होते असे नाही. ढुंढिराजांनीच दुपारी एसटीडी बूथवरून निरोप ठेवला होता, की निबंधाबद्दल थोडी शंका आहे.

"शंका म्हणजे काय रे, धोंड्या? सिग्नल आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

"कशाचा आहे ते ठरायचंय."

ढुंढिराजांनी सांगितले. पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि तो थांबेना.

"अरे, हसतोस काय?"

"ऐक, ऐक. स्पिन पकडलेस ना? राखेतले असोत! नाव बदल. 'काशीच्या अंगाऱ्यातील स्पिन'. सभागृह भरेल बघ. उभे राहतील लोक."

"उल्हास, माझ्याकडे एक चांगली पट्टी शिल्लक आहे. उद्या त्यावर खरा नमुना लावतो. माझा हात नाही, विद्यार्थिनीचा. सिग्नल आला तर निबंध तसाच राहील. नाही आला तर मागे घेईन."

"उद्या संध्याकाळी पाचला कार्यक्रम छापायला जातो. पाचनंतर मला काही सांगू नकोस. आणि मागे घेतलास तर ती चाळीस मिनिटं मी भरू कशानं, तेही सांग."

शुक्रवारी सकाळी ढुंढिराज डोक्यावरून अंघोळ करून, कोऱ्या कपाळाने बाहेर पडले. गल्लीतल्या पानवाल्याने विचारले, "का पंडितजी, घर में सब ठीक?" कपाळ रिकामे पाहून त्याला सुतकाची शंका आली असावी.

प्रयोगशाळेच्या दारात विद्युल्लता उभी होती. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"सर, आप बाहर बैठिए."

"मी अंगारा लावलेला नाही."

"केसात असेल. कॉलरवर असेल. बाहेर बसा, सर. प्लीज."

तेव्हा ढुंढिराज स्वतःच्या प्रयोगशाळेबाहेर, अर्जदारांसाठी ठेवलेल्या बाकावर बसले. आपली पाटी त्यांनी तिन्ही भाषांत वाचली. मराठीतला मजकूर इंग्रजीपेक्षा कडक होता. आत ती काय करते आहे ते दिसत नव्हते. तिने कण उचलला असेल का? त्यांच्याच तोंडून सहा महिने ऐकलेले, की तिच्या हाताला यश नाही, ते तिला आत्ता आठवत असेल का? आठवत असेल, असे त्यांना वाटले, आणि ते बाकावर थोडे सरकून बसले, जणू शेजारी कुणाला जागा करून द्यायची आहे.

साडेबारा वाजता तिने दार उघडले. नमुना बसवून, झाकण लावून, हवा काढून झाली होती. मोजणी सुरू होती.

"एक झटके में बैठ गया," ती म्हणाली. एवढेच. नव्या, पातळ पट्टीवर काम करायला तिला किती सोपे गेले असेल, याचा हिशेब ढुंढिराजांनी मनात केला आणि मनातच ठेवला.

असा सिग्नल एका क्षणात दिसत नाही. पट्टी स्वतःच्या उष्णतेनेही थरथरत असते आणि त्या गोंगाटात सिग्नल बुडालेला असतो. तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घ्यायचे, सरासरी काढत राहायची, गोंगाट हळूहळू बसतो. खाली काही असेल तर वर येते. गोंगाटाच्या तिप्पट उंची झाली की ते खरे मानायचे, असा त्यांच्या प्रयोगशाळेचा नियम होता. हाही ढुंढिराजांनीच केलेला.

दोन वाजता पडद्यावर काही नव्हते. तीन वाजता योग्य जागी एक उंचवटा आला. विद्युल्लताने पडद्यावर मोजपट्टी लावून तो मोजला.

"दुप्पट," ती म्हणाली. "थोडा जास्त."

"वाढतोय," ढुंढिराज म्हणाले. त्यांना आता आत यायची परवानगी होती, दारापासून दोन पावलांपर्यंत.

"अंगाऱ्याचा तर याच्यापेक्षा खूप मोठा होता," ती म्हणाली. "हा लहान आहे. हा वेगळा असू शकतो, सर. खरा असू शकतो."

हिंदीचा एकही शब्द त्यात नव्हता. ढुंढिराजांनी तिसरे पाऊल टाकायला पाय उचलला. आणि त्याच क्षणी त्यांना बुधवार आठवला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, ती बाहेर गेली असताना, त्यांनी शेवटच्या पट्टीची डबी उघडली होती. काही करायला नव्हे. नुसती पाहायला. शेवटची आहे, ठीक आहे ना, एवढेच. खाली वाकून पाहिली होती.

ते सांगू नये, असा विचार आला. तो किती वेळ टिकला हे त्यांनी मोजले नाही. मोजला असता तर लाज वाटावी इतका निघाला असता.

"विद्युल्लता," ते म्हणाले, "ही डबी मी बुधवारी उघडली होती."

ती सावकाश वळली.

"टोपी?"

"होती बहुतेक."

"पुढे की मागे?"

ढुंढिराजांना आठवेना. खरोखरच आठवेना. त्यांनी हात डोक्याकडे नेला, बुधवारसारखे वाकून पाहिले, हाताला काही आठवते का म्हणून. हातालाही आठवले नाही.

"सर!" ती म्हणाली, आणि मग जे म्हणाली ते हिंदीत होते आणि विभागप्रमुखाला म्हणण्यासारखे नव्हते. ढुंढिराजांनी ते योग्य जागी आले आहे असे मानले.

मग ती खुर्चीत बसली. "दोन रस्ते आहेत," तिने सांगितले. झाकण उघडायचे, पट्टी काढायची, मोठ्या भिंगाखाली पाहायची. राखेचा कण दिसला तर निकाल लागला. पण हवा आत गेली, पट्टी हलली, की दुपारची सगळी सरासरी गेली, आणि इतकी पातळ पट्टी काढताना बहुधा तुटतेच. दुसरी पट्टी नाही. नाहीतर झाकण बंद ठेवायचे आणि उंचवटा तिप्पट होतो का ते पाहायचे. झाला तरी तो नमुन्याचा की एका बारीकशा राखेच्या कणाचा, हे कळणार नाही.

"तू सांग," ढुंढिराज म्हणाले. "काम तुझ्या हातचं आहे."

तिने त्यांच्याकडे पाहिले. सहा महिन्यांत त्यांनी तिला काही विचारल्याची ही पहिली वेळ असावी. तिने पडद्याकडे पाहिले आणि खुर्ची पुढे ओढली. मोजणी चालू राहिली.

पावणेपाचला कार्यालयातला फोन वाजला. ढुंढिराजांनी उचलला.

"बोल," उल्हास म्हणाला. "आहे की मागे?"

"नाव छाप," ढुंढिराज म्हणाले. "माझंही आणि विद्युल्लता शेवडेचंही. तिचं आधी. वेळ राहू दे."

"आणि शीर्षक?"

"शीर्षक अजून नाही."

"शीर्षकाशिवाय कसं छापू, धोंड्या? लोक काय समजतील?"

"ते मलाही माहीत नाही," ढुंढिराज म्हणाले.

पाच वाजता कार्यक्रम छपाईला गेला. दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या सत्रात, साडेनऊला, शेवडे आणि पुणतांबेकर अशी दोन नावे आहेत. त्यांच्यापुढची ओळ कोरी आहे. साडेपाचला, ढुंढिराज स्कूटरकडे निघाले तेव्हा, झाकण बंद होते, विद्युल्लता पडद्यासमोर होती, आणि उंचवटा गोंगाटाच्या अडीचपट होता.